मंद म्हणजे घट्ट नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या विज्ञान पुरवणीतला अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. विषय अवघड असूनही भाषा सोपी ठेवली आहे, आणि वनस्पतींमधली सुगंधी तेलं काढायला हा वायू कसा वापरतात हे मलाही नव्यानंच कळलं. पण तिसऱ्या रकान्यात एक वाक्य आहे: ‘क्रांतिक बिंदूजवळ द्रव अतिशय घट्ट होतो, त्यामुळे त्यातल्या सर्व हालचाली मंदावतात.’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. (क्रांतिक बिंदू म्हणजे जिथे द्रव आणि वायू, किंवा मिश्रणातले दोन द्रव, यांतला भेदच मिटतो ती अवस्था; अतिक्रांतिक म्हणजे तिच्या पलीकडचं.) ‘मंदावतात’ खरं आहे. ‘घट्ट’ चूक, ‘त्यामुळे’ चूक आणि ‘सर्व’ही चूक. म्हणून पत्र लिहायला बसलो. ते लांबणार आहे. कापायचं झालं तर हवं तिथे कापा, फक्त झेनॉन वायूचा भाग ठेवा.

मी शास्त्रज्ञ नाही. पदार्थविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मी ‘बाथ’ सांभाळला. बाथ म्हणजे काचेच्या खिडक्या असलेली पाण्याची टाकी. आत ढवळणारा पंखा, एक हीटर, गार पाण्याची गुंडाळलेली नळी, आणि वाफ उडू नये म्हणून पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या गोळ्या. टाकीच्या मधोमध बोटाएवढी काचेची नळी टांगलेली, तिच्यात अ‍ॅनिलीन आणि सायक्लोहेक्झेन यांचं मिश्रण. माझं काम एकच: पाण्याचं तापमान हलू द्यायचं नाही. आमच्याकडे ‘एक मिली हलला’ म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला, आणि तेवढ्यासाठीही मला बोलणी बसत. संशोधन करणारी मुलं मला काका म्हणत आणि दर अर्ध्या तासानं विचारत, “काका, सेटल झालं का?”

हे मिश्रण निवडायचं कारण म्हणजे त्याचा क्रांतिक बिंदू तीस अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, खोलीच्या तापमानापासून फार लांब नाही. त्यापेक्षा तापवलं की दोन्ही द्रव एकमेकांत पूर्ण मिसळतात. गार केलं की दोन थर होतात, अ‍ॅनिलीन जास्त असलेला खाली आणि सायक्लोहेक्झेन जास्त असलेला वर. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फिनॉल आणि पाण्याचा प्रयोग केला असेल, सहासष्ट अंशांच्या सुमारास गढूळपणा जातो तो. हा त्याचाच भाऊ. फरक एवढाच की तिथे अर्ध्या अंशाची चूक चालते आणि इथे दोन मिलीची चालत नाही. शिवाय अ‍ॅनिलीन भारी नखरेल. उजेड आणि हवा लागली की तपकिरी होतं, आणि पाण्याचा अंश शिरला तर क्रांतिक तापमानच सरकतं.

गार करत जाताना जे दिसतं ते मी शेकडो वेळा पाहिलं, तरी कंटाळा आला नाही. आधी नळी पाण्यासारखी नितळ. मग निळसर धूसरपणा. मग दूध. पांढरं शुभ्र नव्हे. एका बाजूनं निळसर, आणि उजेडाकडे धरलं तर तांबूस. शेवटी अगदी अचानक मधोमध एक रेघ उमटते. या दुधाळपणाचं कारण स्मोलुचोव्स्की यांनी १९०८ साली सांगितलं आणि आइनस्टाइन यांनी १९१० साली त्याचं गणित मांडलं. द्रव सगळीकडे सारखा दिसला तरी सूक्ष्म पातळीवर तो कधीच सारखा नसतो. इथे अ‍ॅनिलीन थोडं जास्त, तिथे थोडं कमी, अशी ठिगळं पडत असतात आणि विरत असतात. क्रांतिक बिंदू जवळ येतो तशी ही ठिगळं मोठी होत जातात. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी झाली की प्रकाश चौफेर विखुरतो आणि आपल्याला दूध दिसतं.

आता मंदपणाकडे येतो. नळीतून लाल लेसर सोडला की विखुरलेला प्रकाश समोरच्या पांढऱ्या कागदावर ठिपक्याठिपक्यांचा पडतो. बिंदूपासून दूर असताना हे ठिपके इतक्या वेगानं थरथरतात की डोळ्याला नुसता सपाट उजेड दिसतो. त्यांची लगबग मोजायला फोटोमल्टिप्लायर (अतिशय मंद प्रकाश टिपणारं उपकरण) आणि कोरिलेटर (त्यातले चढउतार किती वेळ टिकतात ते काढणारं यंत्र) लागतो. पण बिंदूच्या अगदी जवळ गेल्यावर, मुख्य किरणाच्या लगतचे ठिपके डोळ्यांना वेगवेगळे दिसू लागत. आधी उकळल्यासारखे, मग वारुळावरच्या मुंग्यांसारखे, आणि शेवटी एकेक ठिपका सावकाश विझायचा आणि शेजारी दुसरा सावकाश पेटायचा. खोलीत अंधार करून मी हे कितीतरी रात्री बघत बसलो आहे. एखादं ठिगळ जन्मून विरायला किती वेळ लागतो, ते त्या कागदावर दिसत होतं.

ही ठिगळं सावकाश का विरतात? लेखक म्हणतात, द्रव घट्ट होतो म्हणून. आमच्या सरांनी मला हे समजावलं तेव्हा ते प्रयोगशाळेतल्या फळ्याकडे गेलेच नाहीत, गोटी आणि भांडी घेऊन बसले. खोल वाटीत तेल घाला आणि गोटी काठाशी सोडा. ती लगेच तळाशी येते. तेच तेल परातीत घाला. गोटी येते तळाशीच, पण रमतगमत. तेल तेच आहे, घट्टपणा तोच आहे. बदलला तो उतार. क्रांतिक बिंदूजवळ निसर्ग वाटीची परात करतो. कुठे अ‍ॅनिलीन जास्त झालं तर त्याला पूर्वपदावर ओढणारा जोरच क्षीण होतो, कारण जास्त-कमी असण्यानं ऊर्जेत जवळजवळ फरकच पडत नाही. परत यायची घाई कोणालाच नसते.

१९५४ साली भौतिकशास्त्रज्ञ फान होव्ह यांनी साधारण हाच विचार मांडला: ओढ कमी होते, बाकी सगळं जसंच्या तसं. यात एक भर टाकायला हवी. अ‍ॅनिलीन जागच्या जागी नाहीसं होऊ शकत नाही. इथलं जास्तीचं अ‍ॅनिलीन कमी व्हायचं तर ते इथून उठून दुसरीकडे गेलं पाहिजे, आणि ठिगळ जितकं मोठं तितकी वाट लांब. हे दोन्ही धरून हिशेब केला तर ठिगळ दुप्पट मोठं झालं की त्याचं आयुष्य साधारण सोळा पट व्हायला हवं. पण लेसर आल्यावर १९६४-६५ पासून मोजमापं सुरू झाली. सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूवर झाली, आणि आमच्या याच अ‍ॅनिलीन-सायक्लोहेक्झेनवरही. पुढे ही मोजमापं बारकाईनं होत गेली तसं स्पष्ट झालं की आयुष्य सोळा नव्हे, आठ पटच होतं. म्हणजे द्रव मंदावतो हे खरं, पण जेवढा मंदावायला हवा तेवढासुद्धा मंदावत नाही!

याचं उत्तर १९७० साली कावासाकी यांनी दिलं, आणि त्याच वर्षी फेरेल यांनी वेगळ्या वाटेनं. द्रव वाहतो, हे आधीच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. एकेक रेणू चालत जायची वाट न बघता सूक्ष्म प्रवाह सगळं ठिगळच उचलून नेतात आणि पसरवतात. कावासाकींचं सूत्र बघितलं तर आइनस्टाइनचं १९०५ सालचं सूत्र आठवतं, पाण्यात तरंगणारा परागकण किती भटकतो याचं. तिथे कणाची त्रिज्या येते, इथे ठिगळाचा आकार. गोळा कुठेच नाही, तरी गणित गोळ्याचं. सर एरवी कोणत्याही सूत्राची स्तुती करत नसत. या सूत्राची मात्र करत.

त्या सूत्रात द्रवाचा घट्टपणा, म्हणजे पाठ्यपुस्तकातली विष्यंदिता, येते. मग ती वाढते का? वाढते. इथे लेखक महाशयांना एक गुण द्यावा लागेल, पण एकच. ठिगळाचा आकार हजार पट झाला तर विष्यंदिता किती वाढते? दीड पटीहून थोडी जास्त. आणि ठिगळाचं आयुष्य? शंभर कोटी पटींहून जास्त. आता तुम्हीच सांगा, शंभर कोटींचं खापर दीडच्या डोक्यावर कसं फोडायचं?

आता झेनॉन. ही दीड पट इतकी क्षुल्लक आहे की झेनॉनसारख्या वायूत ती पृथ्वीवर नीट मोजताच येत नाही. बिंदूजवळ झेनॉन इतका दाबला जाण्याजोगा होतो की स्वतःच्याच वजनानं तळाशी दाट आणि वर विरळ होतो, आणि नळीभर एकच क्रांतिक अवस्था मिळत नाही. म्हणून १९९७ च्या ऑगस्टमध्ये डिस्कव्हरी यानातून झेनॉनची बंद कुपी अंतराळात नेली. झेनॉनचा क्रांतिक बिंदू साडेसोळा अंशांच्या जरासा वर. कुपीत निकेलची बारीक जाळी टांगलेली, तिला हलकेच हेलकावे द्यायचे आणि झेनॉन तिला किती अडवतो ते मोजायचं. बर्ग, मोल्डोव्हर आणि झिमरली यांनी त्यावरून काढलेला घातांक, म्हणजे ठिगळाच्या आकाराबरोबर विष्यंदिता किती वेगानं वाढते ते सांगणारा आकडा, ०.०६९० आहे, मागेपुढे ०.०००६. सिद्धांताचा आकडाही त्याच्या अगदी जवळ आहे. जाता जाता हेही सांगतो की या ‘घट्ट’ झेनॉनची विष्यंदिता पाण्याच्या साधारण विसाव्या हिश्शाइतकी असते.

त्याच प्रयोगाची दुसरी फेरी २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यानातून गेली. कल्पना चावला त्या यानात होत्या. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. प्रयोगाचा काही डेटा आधीच पृथ्वीवर आला होता, उरलेला यानातल्या हार्डडिस्कवर होता. ती जळकी डिस्क अवशेषांत सापडली, तज्ज्ञांनी तिच्यातून जवळजवळ सगळा डेटा वाचवला आणि २००८ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. सरांनी त्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले.

त्या दुसऱ्या फेरीत काय दिसलं ते आपल्या मुद्द्याशी थेट जोडलेलं आहे. रंग ढवळला की पातळ होतो, कारण त्यात लांबलचक रेणू आणि कण असतात. झेनॉन म्हणजे सुटेसुटे अणू, त्यात ढवळून पातळ होण्यासारखं काहीच नाही. पण क्रांतिक बिंदूजवळ जाळी जोरात हलवली की झेनॉनही किंचित पातळ झाला. कारण एकच, ठिगळांचं लांबलेलं आयुष्य. मी कागदावर ढोबळ हिशेब केला: बिंदूपासून एक अंश दूर असताना झेनॉनमधलं ठिगळ सेकंदाच्या साधारण दीड कोटीव्या भागात विरतं, अंशाच्या हजाराव्या भागाचाही तिसरा हिस्सा एवढं जवळ गेलं की त्याच ठिगळाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. एवढा वेळ जगणाऱ्या ठिगळाला जाळी मरण्याआधीच ताणते, फाडते. जे कोट्यंशात विरतं, त्याला जाळी कुठून गाठणार?

उरला ‘सर्व’ हा शब्द. त्यानं मला स्वतःची एक फजिती आठवली.

माझ्या नोकरीचं तिसरं की चौथं वर्ष असेल. एका विद्यार्थ्याला बिंदूच्या अगदी जवळची मापनं हवी होती. आदल्या संध्याकाळी बाथ गार होता, नळीत दोन थर होते. मी तो हळूहळू तापवत वर आणला. रेघ गेली. तापमापक स्थिर झाला, पाऊण तास एक मिलीही हलला नाही. मी वहीत लिहिलं ‘सेटल’, वेळ टाकली आणि घरी गेलो. त्यानं रात्रभर मापनं घेतली. सकाळी आकडे असे आले की कोणत्याच सिद्धांतात बसेनात. तीन दिवस तो मुलगा नवा शोध लागल्याच्या आनंदात होता. मग सर आले, वही पाहिली आणि मला एवढंच विचारलं, “नळी हलवली होती का?”

नव्हती हलवली. रेघ गेली म्हणजे मिसळलं, असं मी धरून चाललो होतो. पण रेघ जाते तेव्हा थरांमधली सीमा जाते. खालचं जास्तीचं अ‍ॅनिलीन खालीच असतं. ते आपणहून वर चढून सगळीकडे सारखं व्हायचं तर बिंदूजवळ विसरणाचा, म्हणजे रेणूंनी आपणहून पसरण्याचा, वेग इतका पडलेला असतो की एक सेंटिमीटर उंचीला महिने लागतात. आमचा लेसर नळीच्या खालच्या भागातून जात होता. त्या मुलानं रात्रभर जे मोजलं ते वेगळ्याच मिश्रणाचं होतं. तापमापक खोटं बोलला नव्हता, तापमान खरोखरच सेटल झालं होतं. द्रव झाला नव्हता. त्या दिवसापासून मी वहीत दोन रकाने केले, ‘ताप.’ आणि ‘हलवले’, आणि दुसऱ्यावर खूण असल्याशिवाय कोणालाही लेसर लावू दिला नाही.

म्हणजे एकाच नळीत एक गोष्ट मिनिटांत सावरते आणि दुसरी महिनोन् महिने नाही. झेनॉनसारख्या एकाच पदार्थाच्या द्रायूत (द्रायू म्हणजे वाहणारा पदार्थ, द्रव किंवा वायू) तर याहून मोठी गंमत आहे. बंद कुपीची भिंत किंचित तापवली की भिंतीलगतचा पातळ थर फुगतो, आणि दट्ट्यासारखा आतल्या सगळ्या द्रायूला दाबतो. दाबलं की तापतं. उष्णता चालत जायच्या आधीच तापमान दाबाच्या लाटेवर बसून सगळीकडे पोचतं. १९८५ साली अंतराळातल्या डी-१ मोहिमेत सल्फर हेक्झाफ्लोराइड अपेक्षेपेक्षा फारच लवकर एकसारखा तापला, तेव्हा लोक चक्रावले. १९९० साली तीन वेगवेगळ्या गटांनी याचा उलगडा केला. आणि बिंदू जितका जवळ, तितकं हे तापणं वेगवान! घनता मात्र सारखी व्हायला तिचा वेळ घेतेच. त्यामुळे ‘सर्व हालचाली मंदावतात’ असं छापणं म्हणजे माझ्या वहीतल्या ‘सेटल’सारखंच झालं.

हे वेगवेगळे आकडे झेनॉनला एक, अ‍ॅनिलीनला दुसरे, असे असते तर मी पत्र लिहिलं नसतं. ते तसे नाहीत. बर्टरँड हॅल्पेरिन आणि पिअर होहेनबर्ग यांनी १९७७ साली अशा सगळ्या मंद होणाऱ्या पदार्थांची वर्गवारी केली. त्यात झेनॉन, सल्फर हेक्झाफ्लोराइड आणि आमचं तपकिरी अ‍ॅनिलीन एकाच ‘एच’ नावाच्या खणात येतात. एकाच दिशेनं चुंबकित होणारा लोहचुंबक वेळेशी संबंध नसलेल्या आकड्यांत यांचा सख्खा भाऊ; ठिगळं किती वेगानं मोठी होतात याचा घातांक दोघांत तोच, ०.६३. पण वेळेचा प्रश्न आला की चुंबक त्या खणात बसत नाही, कारण चुंबक वाहत नाही. नुसतं ‘मंदावतं’ म्हणून भागत नाही ते यासाठी. कसं मंदावतं त्यावरून आत काय चाललंय ते कळतं.

लेखातल्या उद्योगाच्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू एकतीस अंश आणि साधारण चौऱ्याहत्तर बार हे बरोबर दिलं आहे. फक्त तेल काढणारे त्या बिंदूवर नव्हे, त्याच्या पुरेसे वर काम करतात, कारण अगदी जवळ थोडं तापमान हललं तरी घनता भलतीच बदलते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर एवढं वाक्य पुरेल: ‘क्रांतिक बिंदूजवळ घनतेतले चढउतार अतिशय सावकाश विरतात, कारण त्यांना परत ओढणारा जोर क्षीण होतो, द्रवाचा घट्टपणा किंचितच वाढतो, आणि बंद कुपीत तापमान उलट अधिक वेगानं सारखं होतं.’ शब्द जास्त झाले तर शेवटचा भाग गाळा.

आणि लेखासोबतचा फोटो उलटा छापला आहे. तो कार्बन डायऑक्साइडचा नाहीच, दोन द्रवांच्या मिश्रणाचा आहे, आणि त्यात तपकिरी थर वर दिसतो. बिंदूजवळ मधली रेघ इतकी सपाट होते की वर-खाली ओळखू येत नाही, त्यामुळे तुमच्या माणसाला दोष देत नाही. पण काचेची नळी भरल्यावर ज्योतीवर वितळवून बंद केलेलं तिचं टोक वर असतं, आणि तुमच्या फोटोत ते खाली आहे.

आपला,
बाथ सांभाळणारा एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक